बाळाचा पाट

त्या साली कचेऱ्यांमधून ‘समन्वय’ हा शब्द नवाच बाहेर पडला होता आणि मला तो भलताच आवडला होता. मी बावीस वर्षांची होते. रेशनचा कुजका तांदूळ, कोरडे नळ, चाळीचा मोडका जिना न दुरुस्त करणारा मालक, अशा सगळ्यांवर पत्रकं लिहून माझा हात बसला होता. मथळा मोठा, वाक्य लहान, शेवटी मागणी. चळवळीत आम्हाला तसंच शिकवलं होतं. आणखी एक शिकवलं होतं, की जे कागदावर नाही ते सरकारच्या लेखी नाहीच. हे आजही खरं आहे. माझी चूक झाली ती हे खरं असल्यामुळेच झाली.

ज्यांची बुद्धी अंगाबरोबर वाढत नाही अशा माणसांना दिवसभर सांभाळणारी एक जागा अंधेरीत काढावी, म्हणून आम्ही चौघांनी समिती केली होती. अशा माणसांपुढे तेव्हा दोनच दारं होती. लहान असाल तर बालगृह, मोठे झालात तर वेड्यांचं इस्पितळ. वेड लागलेलं नसलं तरी तेच. त्या दोन दारांच्या मध्ये फक्त घर, आणि घर म्हणजे आई. मी एका कचेरीत जाऊन साहेबाला विचारलं, “आईच्या नंतर काय?” साहेब बशीतला चहा फुंकत म्हणाला, “बाई, आधी माहिती आणा. कोण, कुठे, सध्याची व्यवस्था काय. मग आपण समन्वय करू.” मी चिडून बाहेर पडले आणि मुकाट्याने माहिती गोळा करायला लागले. ही आमची शिस्त!

अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, आरे कॉलनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे एक जुनं गावठाण आहे. ख्रिस्ती लोकांची पंधरा-वीस घरं आणि मधेमधे कोकणातून आलेली हिंदू बिऱ्हाडं. मधोमध विहीर. तिथल्या एका आळीत बाळा राहायचा. त्याचं खरं नाव चर्चच्या वहीत असेल, पण आळी त्याला बाळाच म्हणायची. वय सत्तावीस, दाढी राठ, हात नांगरटीला शोभतील असे, आणि बोलणं चार वर्षांच्या पोराचं. वडील केव्हाच गेलेले. आई भाजी पिकवायची आणि उजाडताच पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात जायची, ती दिवस कलल्यावर परतायची.

“मग दिवसभर याला सांभाळतं कोण?” मी वही उघडून विचारलं.

“कुणी नाय,” बाळाच्या आई म्हणाल्या; मी त्यांना मावशी म्हणायचे. “पाट असतो ना त्याचा.”

मला कळलं नाही, म्हणून मी दोन दिवस विहिरीजवळ बसून पाहिलं. बाळाचा एक फणसाच्या लाकडाचा पाट होता. कोपरा मोडलेला, मध्ये बसून बसून गुळगुळीत झालेला. सकाळी निघताना मावशी तो शिंपिणीच्या दाराशी ठेवायच्या. पाट जिथे तिथे बाळा. बसायच्या आधी तो दारात बघून विचारायचा, “आज इथं?” आतून कुणीतरी म्हणायचं, “हो रे, आज इथं.” मगच तो बसायचा. शिंप्याकडे तो चिंध्या रंगाप्रमाणे लावायचा. भाकऱ्या थापायची वेळ झाली की शिंपीण वहिनी पाट उचलून पलीकडच्या आजोबांच्या ओसरीवर नेऊन ठेवायची. आजोबा पूर्वी लग्नात बाजा वाजवायचे. त्यांची पितळी वाद्यं बाळा चिंचेच्या कोळाने घासायचा. ऊन कललं की पाट आणखी कुठेतरी असायचा. कुणाकडे पाहुणे आले, कुणाला ताप आला, तर ते घर पाट एक दार पुढे सरकवायचं. त्यावर एक शब्द नाही. कुणी कुणाला “याला बघ” म्हणायचं नाही आणि म्हणूनच कुणी “नको” म्हणायचं नाही.

मी हे पाहिलं, डोळ्यांनी पाहिलं, आणि माझ्या मनात काय आलं असेल? की हे फार ढिसाळ आहे.

त्याला कारण होतं. मावशींच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि तीन आठवडे इस्पितळात खाटेवर राहावं लागेल म्हणून बजावलं होतं. मावशी दोनदा तारीख घेऊन गेल्या नव्हत्या. तिसरी तारीख पुढच्या महिन्यात होती.

“दिवसाचं होईल गं,” त्या मला म्हणाल्या. “पण रात्री पाट कुठे ठेवायचा? तेवढं तू बघ पोरी. तुझा शब्द लोक ऐकतील. शिकलेली आहेस.”

एवढंच काम होतं. एका माणसाच्या एकवीस रात्री. आजोबांच्या शेजारी बसून मी नुसतं म्हटलं असतं, “आजोबा, रात्री तुमच्या ओसरीवर वारा बरा येतो ना?” तरी भागलं असतं. आज मला ते वाक्य पाठ आहे.

तेव्हा मी तक्ता केला. घरोघर फिरले, कोण किती वेळ सांभाळतं ते विचारलं, उभ्या रेघा आडव्या रेघा मारल्या. डावीकडे घर, मग सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, आणि शेवटच्या रकान्यात ‘पर्यायी व्यवस्था’. लोकांनी मला तास सांगितले, कारण मी विचारले. त्याआधी ते त्यांनी कधी मोजले नव्हते. वर ठळक मथळा घातला : ‘आळीतील मंदबुद्धी बंधूची देखभाल : जबाबदारीचे वाटप’. एक प्रत साहेबासाठी ठेवली आणि एक खळ लावून विहिरीशेजारच्या भिंतीवर चिकटवली. खळ घट्ट केली होती. पत्रक फाडलं जाऊ नये म्हणून आम्ही ती तशीच करायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेले तर बायका घागरी खाली ठेवून उभ्या.

“ही आली बघा पत्रकवाली,” एकजण म्हणाली. “काय गं ताई, आमचं घर कुठे गेलं तुझ्या कागदातून? दर रविवारी जेवतो तो आमच्याकडे. आम्ही बाटलेल्या नाही म्हणून गाळलंस काय?”

“तसं नाही हो, तुम्ही त्या दिवशी घरी नव्हता...”

“अन् त्या कोपऱ्यावरच्या बाईचे दोन तास? लिहून देताना बरं वाटलं असेल! तिच्या दारात पाट बघितलाय का कुणी या वर्षात?”

“तुझ्या दारात तरी कुठे बघितला गं?” कोपऱ्यावरची तिथेच होती.

आजोबा ओसरीवरूनच ओरडले, “माझ्यापुढे काय लिहिलंस ते वाच! ‘काम : भांडी घासणे’! भांडी? कॉर्नेट आहे ती! आता चर्चच्या पायरीवर लोक मला विचारतायत, खुळ्याकडून फुकट राबवून घेतोस काय म्हणून. साठ वर्षं वाजवलं मी, कुणी बोट दाखवलं नव्हतं.”

खुळा हा शब्द मी त्या आळीत त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माझाच शब्द होता तो. मी फक्त शुद्ध भाषेत लिहिला होता.

शिंपीण वहिनी घागर भरून निघून गेली. मी मागे गेले. ती दारातच थांबली, मला आत ये म्हणाली नाही.

“माका त्याचो काय त्रास नाय गो,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण आमच्या चेडवाचा लगीन जुळताहा. काल माणसा इली होती बघूक. विहिरीवर पाय धुताना तो कागद वाचल्यानी त्यांनी. सकाळी नऊ ते बारा, आमचा घर, मोठ्या अक्षरात. मुलाचो बापूस विचारता, ह्यो कोण? तुमच्या घरातलोच काय? रक्तातलो काय?”

“मग सांगायचं ना, शेजारचा आहे!”

“सांगितलंय. तो म्हणता, शेजारचो तर तुमच्या नावावर कशाक?”

पत्रकात प्रश्नाला उत्तर असतंच, कारण प्रश्न आपणच घातलेला असतो.

त्यानंतरच्या सोमवारी मावशींनी नेहमीप्रमाणे पाट शिंपिणीच्या दाराशी ठेवला आणि बाजारात गेल्या. बाळाने विचारलं, “आज इथं?” आतून कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने वहिनीने पाट उचलून आजोबांकडे ठेवला. आजोबांनी पुढच्या दारी. तिथून तो पुढे, आणि तिथून पुढे. दुपारच्या आत पाट सगळी आळी फिरून मावशींच्या कुलूप लावलेल्या दाराशी आला. बाळा त्याच्या मागोमाग फिरत होता. शेवटी तो आपल्याच बंद दाराला विचारून तिथे बसला, उन्हात, संध्याकाळपर्यंत. लघवीलाही उठला नाही, कारण उठायचं कुणीतरी सांगावं लागे.

मी पोचले तेव्हा मावशी त्याला अंगणात आंघोळ घालत होत्या. सत्तावीस वर्षांचा बाप्या, दोन्ही हातांनी डोळे झाकून उभा.

“मावशी, मी सगळ्यांशी बोलते,” मी म्हटलं. “हे लोक असे कसे वागतात? माणुसकी आहे की नाही? मी सभा घेते.”

“सभा नको.” त्यांनी तांब्या ओतला. “कागद काढ तो तेवढा.”

आम्ही दोघी विहिरीवर गेलो. मावशींनी भाजीचा कोयता आणला होता. तक्ता निघाला, पण मथळा निघेना. खळ चुन्यात मुरली होती. मी नखांनी खरवडत राहिले. मावशी म्हणाल्या, “राहू दे. भिंतच पडेल.”

मग मी म्हणाले की मी स्वतः एकवीस रात्री राहते, तुम्ही ऑपरेशनला जाच. मनापासून म्हणाले. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तू राहशील. पण तू उद्या दुसऱ्या मोर्चाला जाशील, परवा पोलीस धरून नेतील तुला. आळी कुठे जात नव्हती गं.” पुढच्या महिन्यातली तारीख आली आणि गेली. मावशी त्या दिवशी वांगी विकत होत्या.

मी जात राहिले, हे सांगायला हवं. त्यात मोठेपणा नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी बाळापाशी बसायचे. चिंध्या नेल्या तर तो त्या हातात घेऊन शिंपिणीच्या दाराकडे बघत राहायचा. बाकीचे दिवस मावशी त्याला बाजारात न्यायला लागल्या. तिथे गिऱ्हाईक त्याला हसायचं. वहिनीच्या मुलीचं लग्न झालं, जेवणाचं बोलावणं मावशींना आलं आणि बाळाचं पान वाढून घरी पाठवलं. आळी दुष्ट झाली असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर मी या लोकांवर पत्रक काढलं असतं. ते लाजत होते. आता पाट घेणं म्हणजे जबाबदारी घेणं झालं होतं, आणि जबाबदारी एकदा लिहिली की ती कुणाच्या तरी एकाच्याच गळ्यात पडते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

समितीची जागा? झाली नाही. साहेबाने माझा तक्ता फाइलला लावला. “उत्तम,” म्हणाला. “म्हणजे स्थानिक व्यवस्था आहेच. तातडी नाही.”

दुसऱ्या वर्षी नाताळ उलटल्यावर मावशी गेल्या. शेवटचे आठ दिवस त्या उठल्या नाहीत, आणि त्या आठ दिवसांत पाट मावशींच्या खाटेजवळच होता.

मग बाळाला वेड्यांच्या इस्पितळात घालायचे कागद भरायचे होते. ते भरायला आळीने मलाच बोलावलं; लिहिणारी मीच ना. ‘सांभाळ करणारा जबाबदार नातेवाईक’ यापुढे एक रेघ होती. एकच. मी साहेबाला विचारलं, पंधरा घरं लिहिली तर? तो म्हणाला, “बाई, रेघ एक आहे.” वसईहून मावशींचा भाऊ आला, रेघेवर ‘कोणी नाही’ असं मला लिहायला सांगून त्याने खाली अंगठा उठवला. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

इस्पितळाची गाडी सकाळी दहाच्या सुमाराला विहिरीपाशी येऊन थांबली. सगळी आळी बाहेर आली होती. आजोबांनी कॉर्नेटचं तोंडाला लावायचं पितळी टोक बाळाच्या खिशात टाकलं. वहिनीने त्याचे केस विंचरले, भांग पाडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझो कागद नसतो, तर तो हयच बसलो असतो गो.”

बाळा गाडीत चढेना. दोन माणसांनी दंड धरले, तो ओरडायला लागला. हात नांगरटीचे होते, एकजण पडला. दुसरा दोरी काढायला वळला.

“थांबा,” मी म्हणाले. मावशींच्या घरात जाऊन पाट आणला आणि गाडीच्या मागच्या दारातून आत सरकवला, मोडका कोपरा आतल्या बाजूला, जसा त्या ठेवायच्या तसा.

बाळा गप्प झाला. पाटाकडे बघितलं. मग दाराच्या चौकटीत डोकं घालून त्याने विचारलं, “आज इथं?”

आळीतलं कुणी बोललं नाही. तो पुन्हा विचारणार होता, विचारत राहणार होता, हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, “हो रे. आज इथं.”

तो चढला आणि बसला.