राइलीच्या मापाची गाडी

गाड्या विकणाऱ्या माणसाला वाटलं, म्हातारा सरपणासाठी गाडी बघतोय. वाटणारच. रेयोने खिशातली मोजपट्टी काढून डिकीच्या तोंडापासून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपर्यंत ताणली, मग पुन्हा ताणली आणि नुसती मान हलवली. आमच्या वार्काउस गावाकडची माणसं गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकतात, वाकून खालचा गंज बघतात, ट्रॉली ओढायला हूक आहे का विचारतात. रेयोने यातलं काही केलं नाही. विक्रेता एकेका गाडीचे गुण गात होता आणि हा आपला डिकीत डोकं घालून उभा.

त्याच्या शेजारी लोकरीची टोपी कानांवर ओढून त्याची बायको उभी होती, राइली. तिच्या पोटात कॅन्सर पसरला होता आणि पुढच्या उन्हाळ्याबद्दल डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. रेयो मोजत होता ती जागा तिच्या शवपेटीसाठी होती.

कल्पना राइलीचीच. आमच्याकडे घरच्यांनी आपलं माणूस स्वतःच्या गाडीतून शेवटचं न्यायला कोणाची हरकत नसते. पेटी नीट झाकलेली असली म्हणजे झालं. पूर्वी खेड्यापाड्यांत सगळेच नेत. आता शववाहिका येते, तिच्यातून काळ्या कपड्यातला माणूस उतरतो आणि घरचे आपापल्या गाड्यांतून मुकाट मागे जातात. राइलीला तो काळ्या कपड्यातला माणूस नको होता. तिला माहेरी, होन्कावाराच्या दफनभूमीत, आईवडिलांशेजारी जायचं होतं. म्हणजे चांगला तीन-चार तासांचा रस्ता. तो सगळा तिला नवऱ्याबरोबर कापायचा होता. रेयोने जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला. गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करायचं आणि डेअरीत पोचवायचं.

"परक्या माणसाच्या गाडीत मी कधी बसले नाही, आता काय बसायचं?" ती म्हणाली होती. "तू ने मला. दूध न्यायचास तसं ने. हिंदकळू देऊ नकोस."

"नेईन," रेयो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

पण नेणार कशातून? त्यांची जुनी गाडी टीचभर, दोन पिशव्या ठेवल्या की भरली. मोठी वॅगन, म्हणजे मागे लांब डिकीची गाडी, परवडणारी नव्हती. पेन्शनीत बसणारी म्हणजे छोटी वॅगन, आणि छोट्या वॅगनमध्ये काय काय मावतं हे जाहिरातीत लिहिणारे लोक सुटकेस लिहितात, बाबागाडी लिहितात, कुत्राही लिहितात, पण जे सगळ्यांनाच एक दिवस लागणार ते लिहीत नाहीत. म्हणून मोजपट्टी.

पहिली गाडी लाल आणि झोकदार होती, पण मागून तिला उतार दिलेला. दिसायला छान, पेटीचं झाकण मात्र काचेला अडलं असतं. दुसरी स्वस्त होती, आतून ऐसपैस, पण डिकीचा उंबरा उंच; आत सरकवताना पेटी तिरकी झाली असती, आणि ते रेयोच्या डोळ्यांसमोर येताच त्याने दार लावून टाकलं. तिसरी करडी. तिच्याकडे बघून कोणाचंही मन हरखलं नसतं. पण तिच्या मागच्या सीटा तर सपाट होतच होत्या, वर पुढची ड्रायव्हरशेजारची सीटही पाठ दुमडून आडवी पडत होती. लांबलचक फळ्या नेता याव्यात म्हणून तशी सोय आहे, असं विक्रेत्याने सांगितलं आणि कॉफी आणायला तो आत गेला.

"मोजत काय बसलास?" राइली म्हणाली. तिने बूट काढले, डिकीतून रांगत आत गेली आणि उताणी पडली. तिचं डोकं थेट गिअरच्या दांड्यापाशी आलं. "जा, बस तिकडे आपल्या जागेवर."

रेयो वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. त्याच्या कोपराशी तिचा चेहरा होता, टोपी सरकलेली, गालांची हाडं वर आलेली. ती त्याच्याकडे खालून बघत होती.

"ही घे," ती म्हणाली. "इथून तुझ्या नाकातले केस दिसतात."

तो हसला. ती पण हसली आणि हसता हसता तिला पोटात कळ आली, तरी हसतच राहिली. विक्रेता दोन कप घेऊन आला तो तसाच थबकला. राइलीने त्याला पडल्या पडल्याच सांगितलं की उन्हाळ्यात आम्ही तंबू लावत नाही, गाडीतच झोपतो. बिचाऱ्याला हायसं वाटलं. खिडक्यांना लावायचे पडदेही मिळतात म्हणाला.

गाडी घरी आली. राइलीने रेयोला बजावून ठेवलं की मेर्वीला तूच सांग, मला तिचं रडं बघवायचं नाही. मेर्वी ही त्यांची एकुलती एक मुलगी, हेलसिंकीला असते, मोठ्या कार्यालयात चार माणसं तिच्या हाताखाली आहेत. ती पुढच्याच रविवारी आली, दारातली करडी गाडी बघितली आणि कोटही न काढता स्वयंपाकघरात बापासमोर उभी राहिली.

"आई इतकी आजारी असताना तुला गाडी बदलायचं सुचतं कसं, बाबा?"

हीच वेळ होती. आतल्या खोलीत राइली झोपेचं सोंग घेऊन कान देऊन पडलेली. रेयोने कॉफीच्या यंत्रात पाणी ओतलं, यंत्राकडे बघितलं आणि म्हणाला, "सरपण आणायला बरी पडते."

काय म्हणावं या माणसाला? मुलीने रागाने विचारलं म्हणून त्याला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की आमच्याकडचे पुरुष सरपणाबद्दल बोलतात. मेर्वीने त्यातून काढायचा तो अर्थ काढला. बायको मरायला टेकलीय आणि ह्याला घरातून पळायला खेळणं मिळालंय. तिने ते बोलून नाही दाखवलं, पण त्या हिवाळ्यात ती फोनवर आधी आईची चौकशी करायची आणि आई झोपली असली तर फोन ठेवून द्यायची.

गाडीने हिवाळाभर आपलं काम केलं. हॉस्पिटलच्या खेपा झाल्या, खरोखरीचं सरपणही आलं. फेब्रुवारीत एकदा ऊन पडलं तेव्हा राइलीला घेऊन तो तळ्याकाठी गेला. बर्फावर माणसं भोकं पाडून मासे धरत बसलेली. हीटर लावून, गुडघ्यांवर कांबळं घेऊन राइली गाडीतूनच त्यांना बघत बसली आणि कोणाला काय मिळतंय यावर शेरे मारत राहिली. घरी परतताना म्हणाली, "सांगितलंस का मेर्वीला?" रेयो म्हणाला, सांगतो. तिने पुन्हा विचारलं नाही. नवऱ्याच्या "सांगतो"वर ती इतकी वर्षं संसार करून विश्वास कसा ठेवत होती, मला कळत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला ती गेली.

मेर्वी त्याच दिवशी आली आणि तिने सगळं हातात घेतलं. चर्चच्या पाळकांशी बोलली, पेटी ठरवली, होन्कावाराच्या मंडळींना दफनानंतरच्या सूप आणि कॉफीचं सांगितलं, फुलं सांगितली. तिचा राग आता कुठल्या कुठे गेला होता. बाप तिला अचानक फार म्हातारा दिसायला लागला होता, आणि त्याला कशाची तोशीस पडू द्यायची नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. "तू फक्त जेवत जा, बाबा. बाकी मी बघते." रेयो "बरं" म्हणायचा. नेण्याचा विषय निघाला की सांगू, असं त्याच्या मनात होतं. तो विषय निघालाच नाही, कारण मेर्वीच्या लेखी पेटी आली की शववाहिका आलीच. एकदा त्याने धीर करून "गाडी तयार आहे" असं म्हटलं. ती म्हणाली, "हो, आपण तुझ्या गाडीतून जाऊ, अकी मुलांना घेऊन आमच्या गाडीतून येईल."

आपण. रेयोला वाटलं, म्हणजे तिला कळलंय. राइलीनेच सांगितलं असेल. त्याच्या जिवाला इतकं बरं वाटलं की त्याने आणखी काही विचारलं नाही.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी त्याने गाडी आतून-बाहेरून धुतली. सरपणाच्या सालपटांचा कण न् कण वेचला. सगळ्या सीटा पाडल्या, खाली सासूने मागावर विणलेलं जाड कांबळं अंथरलं, आणि पेटी सरकू नये म्हणून पट्टे बांधून, ओढून, पुन्हा बांधून बघितले. हे करताना तो राइलीशी बोलत होता. मोठ्याने. शेजारीण सांगते, इतकं बोलताना त्याला तिने कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी हॉस्पिटलच्या छोट्या प्रार्थनागृहापाशी तो पोचला, तर दारातच काळी शववाहिका उभी होती, दारं उघडी टाकून.

त्याला वाटलं, दुसऱ्या कोणाची असेल. आत राइलीचं तोंड बघून झालं, पाळकांनी चार शब्द म्हटले, झाकण लागलं. मग काळ्या कपड्यातल्या माणसाने खूण केली आणि रेयो, जावई अकी आणि ती शववाहिकेची दोन माणसं यांनी पेटी उचलली. बाहेर आल्यावर रेयोची पावलं करड्या गाडीकडे वळली. बाकीच्या तिघांची सरळ गेली. पेटी जराशी हलली. "सावकाश, आजोबा, इकडे," तो माणूस हळूच म्हणाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा तोल गेला. अजूनही वेळ होता. "माझ्या गाडीत" एवढंच म्हणायचं होतं. रेयो सरळ चालू लागला.

मेर्वीने करड्या गाडीचं दार उघडलं आणि विचारलं, "ही सीट का पाडलीयस?" त्याने ती उभी केली. तिने आत अंथरलेलं कांबळं बघितलं, पण तिचे डोळे भरलेले होते आणि त्या दिवशी कोणालाच काही धड दिसत नव्हतं.

पुढे शववाहिका, मागे हे दोघं, त्यांच्या मागे अकी आणि मुलं. एप्रिलात जमिनीतला बर्फ वितळताना आमचे रस्ते कुठे फुगतात, कुठे खचतात. माहीतगार माणूस त्यांच्यावरून गाडी जपून काढतो. शववाहिकेचा ड्रायव्हर काही वाईट नव्हता, पण त्याला वेळेवर पोचायचं होतं. एका उंचवट्यावर ती काळी गाडी अशी उसळली की मागच्या काचेतली फुलं वर उडून खाली पडली.

"हळू," रेयो म्हणाला.

पुढे पुन्हा उंचवटा आला. पुन्हा तो म्हणाला, "हळू, हळू," आणि त्याच्या घशातून असा आवाज आला की मेर्वी घाबरून त्याच्याकडे वळली. काय झालं, बाबा, गाडी थांबव, असं ती म्हणायला लागली. तेव्हा त्याने सांगितलं. रस्त्यावरची नजर न काढता, तुकड्या-तुकड्याने, सगळं. मोजपट्टीचं, लाल गाडीचं, राइली आत आडवी पडली होती त्याचं. नाकातल्या केसांचंसुद्धा सांगितलं.

मेर्वी मागे वळून त्या कांबळ्याकडे आणि मोकळ्या पट्ट्यांकडे बघत राहिली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो."

"कधी, बाबा?"

तिने डोळे पुसले आणि पर्समधून फोन काढला. हाताखाली चार माणसं असलेली ती मुलगी, तिला निर्णय घ्यायला वेळ लागत नाही.

"पुढे पेट्रोल पंप आहे. तिथे त्यांना थांबायला सांगते. आईला इकडे घेऊ. ते दोघं आहेत, अकी आहे, मीही हात लावीन. मग मी अकीच्या गाडीत जाते, तुम्ही दोघं या. लावू फोन?"

रेयोला ते इतकं हवं होतं की स्टीअरिंग धरलेली त्याची बोटं दुखायला लागली. आणि त्याच वेळी त्याला दिसलं, पंपावरची शनिवारची गर्दी, कॉफी घेत काचेतून बघणारी माणसं, त्या काळ्या कपड्यातल्या माणसाला सगळं समजावून सांगणं, त्याचा पडलेला चेहरा. होन्कावाराच्या चर्चच्या दारात घड्याळ बघणारे पाळक, थंडीत उभी म्हातारी माणसं, गार होणारं सूप.

"राहू दे," तो म्हणाला. "लोक खोळंबतील. तुझ्या आईला कोणाला खोळंबून ठेवलेलं आवडायचं नाही."

मेर्वीने फोन पर्समध्ये ठेवला. पंप आला आणि मागे गेला.

आईला आवडायचं नाही हे धादांत खोटं होतं, आणि मेर्वीलाही ते पुरतं ठाऊक होतं; पण शेवटी बापाचीच मुलगी, तीही गप्प बसली. राइलीने उभ्या जन्मात लोकांना खोळंबून ठेवलं होतं. कोणाकडूनही निघताना ती दारात नव्याने गप्पा सुरू करायची, घरच्या बाईला पुन्हा कॉफी ठेवायला लागली तरी तिला त्याचं काही वाटत नसे. संकोच वाटायचा तो रेयोला. तो बाहेर गाडीत इंजिन चालू करून बसायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, आटप आता, लोकांना त्रास होतोय. आणि ती खूप उशिराने, हसत यायची, दार आपटून त्याच्या शेजारी बसायची.