सोमामामा ऑपरेशन न करता का गेले

थांबा, हे आत्ताच टाईप करतो, उद्या लाज वाटून सांगणारच न्हाई.

मी बेळगावच्या एका हॉस्पिटलात काउन्सेलर हाय. म्हणजे ऑपरेशनच्या आधी पेशंटला त्याच्या भाषेत समजवायचं आणि सही घ्यायची. मी जोयडा तालुक्यातल्या रामनगरचा, म्हणून तिकडचे पेशंट माझ्याकडं.

तिकडच्याच जंगलातल्या दिग्गी गावचे सोमामामा आले. पोटातली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगलेली. जांघेतनं आत एक कापडी नळी बसवायची, मग रक्त नळीतनं जातं, फुगलेल्या जागी जोर येत न्हाई. पण मामांच्या किडनीची शीर तिथंच, तीबी अरुंद. ती रुंद करून स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, ठेवायचा, न्हाईतर किडनी जाणार.

मी फास्टमध्ये सांगून मोकळा. मामा म्हणाले, "मग नको." मामी पिशवी भरायला लागली. माझं डोकं सटकलं. अख्ख्या वॉर्डासमोर बोललो, "जंगलातनं येता, तुमाला काय कळणार? मरायचं असंल तर जावा."

गेले की ते.

आमच्या सर्जन मॅडमनी विचारलं, नेमकं काय सांगितलंस? मी तसंच्या तसं सांगितलं: पोटात फुगा हाय, फुटला तर माणूस जातो, म्हणून किडनीपाशी आमी एक फुगा घालून फुगवणार.

मॅडम म्हणाल्या, "तुझ्या वडलांनी सही केली असती?"

शीर रुंद करायच्या बलूनला मी फुगाच म्हटलेलं. म्हणजे मामांनी ऐकलं, पोटात आणखी एक फुटणारा फुगा घालणार.

मामांचा फोन लागेना. सकाळी बस, मग जीप. वाटभर एकच भीती, घरापुढं माणसं जमलेली दिसली तर?

मामा अंगणात बसलेले. मामीनं पाणीबी विचारलं न्हाई. मी माफी मागितली आणि परत सांगितलं. पाण्याच्या पाटाची कड फुगलीय, आत पाइप घालायचा. पण शेजारच्या शेताकडं, म्हणजे किडनीकडं, जाणारं तोंड बुजायला नको. म्हणून तिथं हवेची बारीक पिशवी फुगवून तोंड मोठं करायचं, जाळीची नळी ठेवायची, पिशवी बाहेर काढायची.

"काढताय व्हय?"

"लगेच काढतो, मामा."

"हे कुठं सांगितलंस तू?"



मामा परत हॉस्पिटलात आले. नळी बसली, किडनीबी शाबूत. काल वॉर्डात गेलो तर ते शेजारच्या खाटेवरच्याला सांगत होते, "पोरगा वाईट न्हाई. पण दोनदा विचारून घे त्याला."

दिग्गीहून आल्यापासनं पेशंट नको म्हणाला की आधी माझंच वाक्य तपासतो.

तुमच्यापैकी कुणी असा आपल्याच शब्दानं माणूस घालवलाय का? सांगा राव, म्हंजे मी एकटा न्हाई एवढं तरी कळंल.