ऊझिंग म्हणजे किती?

शिवणकाम करणाऱ्या काकूंना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. जेवतानाही दोनदा उठायच्या. त्यात नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्या जिवाला थारा उरला नाही.

घरी सोडताना नर्स म्हणाली होती, “थोडं ऊझिंग होईल, घाबरू नका. ब्लीडिंग झालं तर मात्र लगेच या.”

काकूंनी मान डोलावली, पण घरी आल्यावर तो शब्द डोक्यात भुणभुणायला लागला. मुलगी शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला फोन लावला.

“पाझरणं गं आई. नळ गळतो तेव्हा थेंब दिसतो. यात थेंब दिसत नाही, नुसती ओल येते. जखमेतून, चिखलातून. एखाद्याच्या चेहऱ्यावरून तोरा ओसंडतो ना, त्यालाही ऊझ म्हणतात.”

“तोऱ्याचं राहू दे. किती पाझरलं म्हणजे ब्लीडिंग?”

मुलगी म्हणाली, “ते डिक्शनरीत नसतं गं.”

काकू पलंगापाशी आल्या. पोटावरच्या पट्टीवर फिकट गुलाबी डाग होता. त्यांनी कापडावर खुणा करायचा निळा खडू घेतला आणि डागाभोवती रेघ ओढली.

“मी काय पॅंटचं कापड आहे?” नवरा कुरकुरला.

त्या स्वयंपाकघरात जायच्या, परत यायच्या. पट्टी बघायच्या, पुन्हा जायच्या. डाग रेघेच्या आतच होता. शेवटी दूध आणायला खाली उतरल्या, तेवढ्यापुरत्याच. परतल्या तर डाग रेघ ओलांडून गेलेला, आणि चांगला लालभडक.

“अहो, उठला होतात?”

“नाही गं. चहा टाक.”

पण शिलाई मशीन कोपऱ्यातून खिडकीपाशी आलेलं काकूंना दिसलं. त्यांनी चहाबिहा काही टाकला नाही, टॅक्सी बोलावली.

दवाखान्यात पट्टी उघडली तर एक टाका तुटला होता. डॉक्टरांनी तो पुन्हा घातला आणि रक्त थांबलं. “बरं झालं, लगेच आलात,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर काकूंनी तोंडाचा पट्टा सोडला. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाला, “त्या अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे ताणून शिवतेस. बघवत नव्हतं.”

काकू त्याच्याकडे वळल्या.

“मशीन आता तिथेच राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण पुन्हा हात लावलात, तर पुढचा टाका मीच घालीन.”