भाजीची अट

बालाघाटच्या कचेरीत मी नवा वकील होतो, आमच्या घरातला पहिलाच पदवीधर. खैरलांजीकडची एक बाई नणंदेचं बाळ स्वतःच्या पोटात वाढवायला तयार झाली होती, आणि मी तिचं शपथपत्र लिहीत होतो. प्रत्येक कलमाला ती पदर खोचायची, जणू लगेच कामालाच लागायचंय.

"कायद्यानं मोबदला घेता येत नाही," मी समजावलं.

"पैसा कोन मांगते? एवढंच लिवा, नऊ महिने नणंदबाईनं माह्या भाजीले नाव ठेवू नये."

मी गंभीरपणे कायद्याचं पुस्तक चाळू लागलो. मान खाली घालून बसलेली नणंद हळूच म्हणाली, "लिवा साहेब. जन्मभर नाही ठेवत."

"जन्मभर नको वो बाई," ती घाबरली. "मंग मले घरात करमणार नाही."