साडेनऊ तासांचं अंतर

विमानाच्या तिकिटांच्या कचेरीत बावीस वर्षं काढलेल्या बाईला अंतर सांगणं म्हणजे शिंप्याला कापडाचं माप शिकवणं. पण ताईच्या धाकट्या भावाने ते केलं, तेही बाप अंथरुणाला खिळलेला असताना.

बाबा दवाखान्यात होते. रोज संध्याकाळी विचारायचे, "धाकट्याचं विमान कुठवर आलं गं?" ताई म्हणायची, "निघालंय, बाबा." आणि परदेशातून फोनवर धाकटा म्हणत होता, "फार लांब आहे गं ताई. येऊन तरी काय होणार?"

सात हजार चारशे किलोमीटर. सरळ विमान, साडेनऊ तास, रोज सकाळी. तिने दोनदा विचारलं, "खरंच लांब आहे का रे?" तो दोन्ही वेळा "हो" म्हणाला. सरळ विमान आहे हे तिने सांगितलं नाही. बापासाठी ज्याला चौकशीही करवत नाही, त्याला पायघड्या कोण घालणार? पाचव्या संध्याकाळी विचारायला बाबा राहिले नव्हते.

ताईने डूख धरला. धाकट्याच्या शहराचं तिकीट न्यायला कोणीही येवो, ती ठणकावून सांगायची, "साडेनऊ तास फक्त!" लोक दचकायचे.

तीन वर्षांनी धाकट्याचा फोन आला. "ताई, आठ दिवस येतो. तिकीट तूच काढ, मला त्यातलं काही कळत नाही."

"काढते की," ती गोड आवाजात म्हणाली आणि कामाला लागली. तीन ठिकाणी विमान बदल, एकीकडे अकरा तास लोखंडी खुर्ची, एकूण त्रेचाळीस तास. शेजारच्या टेबलावरचे कारकून डोकावले. "अहो, सरळ विमान आहे की!"

"तुम्ही तुमचं बघा."

लांब म्हणतोस ना? मग घे लांब! तो आला की सरळ विमानाचं वेळापत्रक त्याच्या नाकासमोर धरायचं आणि एकच वाक्य वदवून घ्यायचं: लांब नव्हतं ताई, मीच आलो नाही. त्या एका वाक्यासाठी ती तीन वर्षं दात ओठ खात होती.

धाकटा विमानतळाबाहेर आला तो पाय ओढतच. पाय इतके सुजले होते की बुटांच्या नाड्या सोडाव्या लागल्या होत्या. ताईला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तिने पर्समध्ये हात घातला.

तोच तो तिच्या गळ्यात पडून रडायला लागला. "ताई, तीन वर्षं मनाला खात होतं गं. वाटायचं, आपण टाळलं, निघालो असतो तर बाबा भेटले असते. काल त्या खुर्चीवर बसून हिशेब केला. रजेला नि तिकिटाला दोन-तीन दिवस, वर प्रवासाचे हे दोन दिवस. खरंच फार लांब आहे. मी पोहोचलोच नसतो."

गाडीत बसताच तो शांत झोपला. ताईच्या मुठीत वेळापत्रक चुरगळलं होतं. ते दाखवायचं, तर बाबा वाट बघत होते ते चार दिवस ते आपल्याकडेच होतं हेही सांगावं लागणार होतं.