अक्का आणि सात दिवसांचं निरसं दूध

मी इथे खोटं लिहिलं होतं, आणि माझ्या बहिणीने ते खरं मानलं.

आज अक्काला जाऊन वर्ष झालं.

काहींना ती पोस्ट आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी, होळीनंतरची. उन्हाळा लागायच्या आधी शरीर आतून साफ करायचं, म्हणून मी सात दिवस फक्त निरशा दुधावर राहिलो, असं लिहिलं होतं. म्हणजे न उकळलेलं, गवळ्याकडून आणलं तसंच.

पितळी पेल्याचा फोटो टाकला होता. वजन उतरलं, झोप सुधारली, डोकं हलकं झालं, वगैरे.

भरपूर लाईक आले. आमच्या केडगावातल्याच तिघाचौघांनी गवळ्याचा पत्ता विचारला.

एक गोष्ट लिहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं. पार गळून गेलो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "उपास कर नाहीतर आणखी काही कर, दूध मी उकळूनच देणार."

मी नाही म्हणालो नाही. पुढचे पाच दिवस उकळून गार केलेलं दूध प्यायलो.

माझ्या रोजच्या वहीत ते आहे. "आजपासून दूध उकळून."

इथे मात्र सातही दिवस निरसंच.

का? वर्षभर स्वतःला विचारतोय. कुणाला फसवायचं नव्हतं हे खरं. पण उकळलेल्या दुधाची पोस्ट कोण वाचणार, असं मनात आलं होतं, हेही खरं.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. पारनेर तालुक्यात दिलेली. शुगर होती, गोळ्या चालू होत्या. दारात दोन गाई. त्यातली एक घोडेगावच्या बाजारातून दाजींनी आणलेली, पण पसंत अक्काने केलेली. धार तीच काढायची.

आणि तिच्या घरात दूध उतू जायच्या बेताला आल्याशिवाय कुणाला थेंब मिळायचा नाही. लहानपणी आम्हालाही नाही.

माझी पोस्ट तिला तिच्या मुलीने वाचून दाखवली होती. गेल्या वर्षी होळी झाली आणि फोन आला.

"बापू, मी बी बसले तुझ्यासारखी. आज पयला दिस."

"अगं, तुला शुगर आहे. डॉक्टरांना विचारलंस का?"

"तू केलंस तवा इचारलं हुतंस?"

मी हसलो. तीही हसली.

"आवंदा वासराच्या आधी माझा नंबर. तुझं दाजी म्हनत्यात, तुला बी दावं आनू का?"

तेव्हा सांगता आलं असतं. पण ती खुशीत होती. आणि मलाही बरं वाटत होतं, की अक्का माझं बघून काहीतरी करतेय.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. आवाज बारीक.

"पोट लई बिघडलंय रं. ताप बी हाय. तुला झालं हुतं का आसं?"

"झालं होतं. दुसऱ्या दिवशी."

"मग?"

"मग थांबलं."

"म्हंजी घानच भायेर पडती म्हन की. बरं झालं इचारलं."

कशामुळे थांबलं, ते अगदी ओठांवर होतं. पण मग ती म्हणाली असती, "आन् लिवलं तर येगळंच हुतंस!" मोठ्या बहिणीसमोर खोटं पडायची लाज वाटली.

मी म्हणालो, "पाणी पीत राहा."

सहाव्या दिवशी ती गोठ्यात चक्कर येऊन पडली. नगरला आणलं. सलाईन, मग आयसीयू. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन अंगभर पसरलंय, किडन्या काम करत नाहीत, दोन दिवस आधी आणायला हवं होतं.

दोन दिवस आधी म्हणजे चौथा दिवस. फोनचा दिवस.

मी दुधाचं विचारलं. ते म्हणाले, "कच्च्या दुधाने होऊ शकतं. त्यानेच झालं, असं नक्की नाही सांगता येणार."

त्यातल्या दुसऱ्या वाक्यावर मी वर्ष काढलं.

तीन दिवसांनी अक्का गेली. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी ती पोस्ट डिलीट केली. कुणाला कळलंही नाही.

दहाव्याला, तेराव्याला सगळे म्हणत होते, "अक्का पहिल्यापासून हट्टी. कुणाचं ऐकलं नाही कधी." मी तिथेच बसलो होतो. मान हलवत होतो.

तिने माझं ऐकलं होतं.

आज वर्षश्राद्धाला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर दाजी गोठ्यात वैरण टाकत होते. तिथे गेलो आणि उभ्या उभ्या त्यांना सगळं सांगितलं. वहीतलं, पोस्टमधलं, फोनवरचं.

दाजींनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"मी तिला म्हनलो हुतो," ते म्हणाले. "तिसऱ्याच दिशी. म्हनलं, आगं, उकळून घे. उपास काय मोडत न्हाई त्यानं."

"मग काय म्हणाली?"

"म्हनली, बापूनं न्हाई उकळलं."

गाय दाव्याला ओढ देत होती. त्यांनी पेंढी उचलून तिच्यापुढे टाकली.

"दाजी, मी आता काय करू?"

"मला काय इचारतो? जिथं लिवलं हुतंस, तिथंच लिव."

म्हणून लिहिलं.

खाली कुणी "तुमचा काय दोष" असं लिहू नका. ज्यांनी माझं वाचून गवळ्याचा पत्ता घेतला होता, त्यांनी दूध उकळून घ्या.

अक्काला मनापासून श्रद्धांजली वाहा.

माझी एवढीच.