प्रश्नपत्रिकांच्या पाठीवरची चार पाने

शुक्रवारी सकाळी पुण्याच्या एका प्रकाशकाने माझ्या मावशीला कळवले, की तिने चाळीसेक वर्षांपूर्वी कन्नडातून अनुवादित केलेल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे आणि तिच्यातून नावाड्याचा प्रसंग वगळण्यात येत आहे. मूळ छापील पुस्तकात तो नाही. अनुवादिकेने तो पदरचा घातला असावा, असे संपादकाचे म्हणणे होते. मजकूर मंगळवारी संध्याकाळी छपाईला जाणार होता.

सोमवारी दुपारी मी म्हैसूरला उतरलो. बंगळुरूपासून गाडी मंड्याच्या उसातून येते. श्रीरंगपट्टणला कावेरी ओलांडली की स्टेशन जवळ आले. शकूमावशी एक्याऐंशी वर्षांची, निवृत्त शिक्षिका. तिच्या माहेरच्यांना इथे पाच पिढ्या झाल्या. तिचे वाक्य मराठीत सुरू होते आणि बरेचदा कन्नडात संपते.

"सुम्मने (उगाच) उभा नको राहू रे. ऊटा (जेवण) आधी."

पानात भात, सारु (पातळ आमटी) आणि घेवड्याची पल्या (खोबरे घातलेली परतलेली भाजी) होती. मला वाढता वाढता ती म्हणाली, "पुण्याची माणसं मला खोटारडी म्हणतात, अल्ला (नाही का)? एवढं लिहिता आलं असतं तर स्वतःचीच कादंबरी नसती लिहिली?"

कादंबरीकार हे कॉलेजात तिचे इतिहासाचे शिक्षक. त्यांना ती आजही मेष्ट्रु (मास्तर) म्हणते. त्या प्रसंगात वडिलांच्या अस्थी घेऊन टी. नरसीपूरच्या संगमावर गेलेली नायिका भर पाण्यातून नाव परत फिरवायला सांगते. मूळ पुस्तक छापून येण्याआधीच मावशीने हे प्रकरण मेष्ट्रुंच्या हस्तलिखितावरून अनुवादित केले आणि पाने त्यांना परत दिली. मेष्ट्रु आता हयात नाहीत. त्यांचे कागद घरच्यांनी एका विद्यापीठाच्या संग्रहाकडे सोपवले आहेत.

मंगळवारी दहा वाजता आम्ही रिक्षाने निघालो. रिक्षावाल्याने परीक्षा विभागाच्या फाटकाशी सोडले. संग्रह दुसऱ्या टोकाला होता. गुलमोहराखालून वीस मिनिटे चालल्यावर मावशीला आठवले, की वाचायचा चष्मा देवघरात राहिला.

संग्रह तळमजल्यावर आहे. खिडक्यांना जाड पडदे, आत थंडावा, दारात पेन काढून घेतात आणि पेन्सिल देतात. संग्रहपाल सौम्या तिशीची आहे. दोघी कन्नडात बोलल्या. मावशीने मला वेळोवेळी सांगितलेला अर्थ इथे देतो.

सौम्याने कादंबरीचे हस्तलिखित टेबलावर ठेवले. पाच वह्या, अक्षर सुबक. एक वाजेपर्यंत तिने संगमाचे प्रकरण दोनदा वाचून दाखवले. नायिका काठावरच थांबते. नाव नाही, नावाडी नाही.

"अम्मा, हस्तलिखित एवढंच आहे," ती म्हणाली.

"ही पक्की प्रत गं. मेष्ट्रु कच्चं लिहायला कोरा कागद कधी घ्यायचे? कॉलेजात उरलेल्या प्रश्नपत्रिका घरी आणायचे आणि पाठीवर लिहायचे. आम्ही मुलं हसायचो, की सरांच्या नायिकेला पण परीक्षा द्यावी लागते."

सौम्या हसली नाही. तिने यादी उघडली. 'अध्यापन : जुन्या प्रश्नपत्रिका' या नोंदीखाली दोन खोकी होती. ती नोंद छापील बाजू पाहून केलेली होती.

एका वेळी एकच खोके मिळते. पहिल्यात पाठी कोऱ्या निघाल्या. काहींवर वाणसामानाच्या याद्या होत्या. दुसरे खोके अडीचला आले. तीन वाजून दहा मिनिटांनी सौम्याने इतिहासाची एक प्रश्नपत्रिका उलटली आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. मावशीने पुढची ओळ मराठीत म्हटली.

अशी चार पाने होती. मावशीने सौम्याचे भिंग घेतले. मजकूर निळ्या शाईतला आणि समासात पेन्सिलीने बारीक देवनागरी, 'नाव की होडी?', 'सरांना विचारणे'. ते अक्षर मावशीचे होते. चारही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी काट होती. तीही निळ्या शाईतच.

मावशीने त्या काटेवरून भिंग सावकाश फिरवले.

"काढून टाकलंत तर टाकलंत," ती मराठीत म्हणाली. "तुम्ही मला एक पोस्टकार्ड तरी टाकायचं होतं, मेष्ट्रु."

सौम्याने अर्ज भरून घेतला आणि नियमाप्रमाणे स्वतः छायाचित्रे काढली. मी ती चार वाजता पुण्याला पाठवली. साडेचारला संपादकांचा फोन आला.

"शकुंतलाबाई, प्रसंग ठेवतो आहोत. पण लेखकाने तो नंतर वगळला, अशी तळटीप द्यावी लागेल."

"द्या की. खरंच आहे ते. आणि तुमचं ते 'पदरचं' मागे घ्या."

"घेतलं."

"लेखी पाठवा."

बाहेर आल्यावर तिला कॉफी हवी होती. कोपऱ्यावरच्या हॉटेलात तिने दोन कप घेतले, एक मसाला डोसा एकटीने संपवला आणि चटणी तिखट नसल्याबद्दल वेटरला बोल लावला. संपादकाचे पत्र ती डोसा खात असताना आले. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

बुधवारी सकाळच्या गाडीने मी परत निघालो. मंड्याच्या पुढे सौम्याचा निरोप आला. चार पाने प्रश्नपत्रिकांच्या खोक्यातून काढून कादंबरीच्या हस्तलिखितात ठेवली आहेत. नव्या नोंदीत हस्ताक्षरे दोन दाखवली आहेत : शाईतले लेखकाचे, पेन्सिलीतले अनुवादिकेचे.